वेंकोबारावांचा लंबगोल

वेंकोबाराव सूर्यवंशींना ‘कुठे’ असा प्रश्न विचारायचा नाही, हे मला ऑफिसात रुजू झाले त्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. मी आपली साधेपणाने विचारून बसले, की सर, इथे चहा कुठे बरा मिळतो? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खिडकीशी जाऊन खाली रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, कोपऱ्यापासून देवळापर्यंतच्या पट्ट्यात मिळायला हवा, त्यातही अलीकडच्या अर्ध्या भागात मिळण्याची शक्यता जास्त. पुढे कळलं की गेली कित्येक वर्षं ते रोज दोनदा त्या पट्ट्यातल्या एकाच टपरीवर चहा पीत होते. मी जाब विचारला, तर म्हणाले, आज ती उघडी आहे की नाही ते मी पाहिलेलं नव्हतं की.

आणि ‘कुठे’ हाच तर आमचा धंदा. बंगळुरूतली आमची कंपनी अगदी लहान. जेवणाच्या डब्याएवढी यंत्रं घ्यायची, त्यांचा खिळा मातीत रोवायचा आणि जमीन काय बोलते ते टिपत बसायचं. आपण सुरुंग लावायचा नाही, घण मारायचा नाही, नुसतं ऐकायचं. जमिनीच्या पोटात कुठे बोगदा खणणारं यंत्र चालू असतं, कुठे खडक तडकतो, कुठे पाणी पाइपातून फुटून माती पोखरत असतं. त्याची थरथर जवळच्या यंत्राला आधी पोचते, लांबच्याला क्षणभर नंतर. त्या वेळांच्या फरकावरून उलट चालत जायचं आणि सांगायचं, की मूळ इथे आहे. उलट चालण्याचं गणित संगणकाकडून करून घेणं हे माझं काम. मी पुण्याची, एका मोठ्या आयटी कंपनीतून आलेली. तिथे शुक्रवारी संध्याकाळी उत्तर द्यायचं म्हणजे द्यायचं. आणि इथे माझ्या शेजारच्या टेबलावर वेंकोबाराव.

उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. त्यांच्या घराण्याला बंगळुरूत किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नसे. म्हणजे सांगता येत असावं, पण ते ‘चार ते सात’ असं सांगत. घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत त्यांचं बोलणं. माझ्या मराठीला ते पेपरातली मराठी म्हणत. त्यांचा सर्वांत आवडता शब्द ‘गोत्तिल्ला’, म्हणजे ठाऊक नाही. हा शब्द इतर माणसं खांदे उडवून किंवा ओशाळून म्हणतात. वेंकोबाराव तो इतक्या समाधानाने म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांना काहीतरी मोठं सापडलं आहे.

आमच्या शास्त्रात नुसता ठिपका देऊन भागत नाही, हे मलाही मान्य आहे. ठिपक्याभोवती एक रेषा काढायची असते, की मूळ बहुतेक इथे आहे, पण या रेषेच्या आत कुठेही असू शकतं. तो आकार बहुधा लंबगोल येतो. बाकीचे लोक तो अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकतात आणि विसरतात. वेंकोबाराव त्या लंबगोलात राहायला गेले होते.

एकदा त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. घर बनशंकरीत. मी म्हटलं, फोनवर लोकेशन पाठवा. आलं ते नकाशाचं चित्र आणि त्यावर बोटाने काढलेला लंबगोल, चांगल्या चार गल्ल्या पोटात घेणारा. खाली लिहिलं होतं, घर ह्यात आहे. रिक्षावाल्याने ते नीट निरखलं, मग मला निरखलं आणि हिंदीत विचारलं, की मॅडम, पूरा एरिया जाना है क्या. भर उन्हात आम्ही त्या चार गल्ल्या पालथ्या घातल्या. फोन केला तर ते मलाच विचारू लागले, की तू आता आहेस ते नक्की कुठे, आणि ते तुला कशावरून वाटतं? शेवटी एका फाटकात त्यांच्या पत्नी सरोजाबाई लाल टॉवेल हलवत उभ्या दिसल्या. त्यांचा हात ज्या सवयीने हलत होता, त्यावरून ही पाहुण्यांची नेहमीची सोय असावी हे ओळखलं.

जेवताना मी माझा संताप लपवला नाही. वेंकोबारावांनी शांतपणे सांगितलं, की फोनवरची खूण आमच्या घरावर न पडता मागच्या गल्लीत पडते. एकदा एक पाहुणा त्या खुणेवर विसंबून तिथल्या अनोळखी घरात जाऊन बसला आणि कॉफी पिऊन झाल्यावर त्याला कळलं. तेव्हापासून ते खूण पाठवत नाहीत. लंबगोलाने उशीर होतो, पण खोटं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. सरोजाबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, की लग्नाला होकार देतानाही यांनी ‘बहुतेक’ हा शब्द घातला होता. माझे वडील दोन दिवस झोपले नव्हते, असंही त्यांनी सांगितलं. वेंकोबारावांना यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. तेव्हा माहिती अपुरी होती, असं म्हणून त्यांनी ताक मागून घेतलं.

त्यांच्याबरोबर बाहेर कामाला जाणं म्हणजे तर डोक्याला ताप. बोम्मसंद्राला एका कारखान्याची फरशी थरथरत होती आणि ती थरथर येते कुठून ते मालकांना हवं होतं. आम्ही कुंपणाबाहेर यंत्रं रोवली. तिथला पहारेकरी लोखंडी टोकाची काठी आपटत फेऱ्या मारायचा, आणि प्रत्येक ठोका आमच्या नोंदीत उमटायचा. मी म्हटलं, जाऊ दे, त्याचे ठोके मी गणितातून काढून टाकते. नाही. वेंकोबारावांनी आधी त्याला बसायची विनंती केली. फेऱ्या मारणं ही माझी ड्यूटी आहे, तो म्हणाला. मग यांनी कुठूनशी खुर्ची आणली. मग चहा आणला. मग त्याचं गाव, त्याची शेती, त्याच्या मुलीचं बारावीनंतर काय, सगळं ऐकून घेतलं. अर्धा दिवस गेला. अखेर तो खुर्चीत बसला, आणि फोनवरच्या गाण्याच्या तालावर बूट आपटू लागला. वेंकोबाराव पुन्हा उठले.

तोवर मी उन्हात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. त्यांनी दुरूनच ओठांवर बोट ठेवलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘हलू नकोस, मृणाल. तूही एक उगम आहेस.’

मी आजवर मुलगी, भाडेकरू, टीम लीड असं बरंच काही होते. मला उगम कुणी म्हटलं नव्हतं. त्यांना मात्र जग खरोखरच तसं दिसायचं. खलबत्त्यात मसाला कुटणारी बाई हा एक उगम, गतिरोधकावर आदळणारी शाळेची बस हा दुसरा, झाडावरून पडलेला नारळ हा तिसरा. नोंदीतल्या रेघेवर बोट ठेवून ते सांगत, की हा नारळ. मी म्हणायची, सर, तो मी पुसते. ते म्हणायचे, ओळख पटल्याशिवाय कुणाला पुसू नये. पुढचा अर्धा तास आम्ही नारळाची ओळख पटवत बसायचो आणि माझा शुक्रवार सोमवारात जायचा.

आमचा मालक प्रवीण हा मऊ स्वभावाचा कानडी माणूस. त्याने आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. त्यालाही एकदा वेंकोबारावांनी रडकुंडीला आणलं. एक मोठा बोगद्याचा ठेकेदार आमच्याकडे आला होता. हे काम मिळालं तर दोन वर्षांची चिंता मिटणार होती. प्रवीणने नवा शर्ट घातला होता. ठेकेदाराने सरळ विचारलं, की आमचं यंत्र पुढे कठीण खडकाला नक्की कुठे लागतंय? माझ्या नकाशावर एक सुंदर लाल डाग होता. मी तो दाखवणार, एवढ्यात वेंकोबाराव म्हणाले, अशा तीन जागा संभवतात. मला मधली आवडते, पण माझी आवड हिशेबात धरू नका. ठेकेदाराने बॅग उचलली.

तो गेल्यावर प्रवीणने दार लावून घेतलं. मग त्याने एवढंच विचारलं, ‘सर, स्वल्प खोटं बोलला असतात तर?’

वेंकोबारावांनी यावर मनापासून विचार केला. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ‘किती स्वल्प?’ त्यांनी विचारलं.

ते काम दुसऱ्या कंपनीला गेलं. त्यांनी एक ठिपका दिला म्हणे. तो बरोबर निघाला की चूक, हे आम्हाला कधीच कळलं नाही, आणि मला त्याचीच जास्त चीड येते. चूक निघाला असता तर निदान वेंकोबारावांना क्षमा तरी करता आली असती.

या माणसाची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पत्ता सांगता येत नसे म्हणून ते सोबत यायचे. दवाखाना कुठे, शिंपी कुठे, गॅसचं ऑफिस कुठे असं विचारलं, की पिशवी खांद्याला लावून निघायचेच. बंगळुरूतल्या माझ्या पहिल्या वर्षी मला जे जे सापडलं, ते त्यांनी दारापर्यंत नेऊन दाखवलेलं आहे. इंदूअक्काची खानावळही त्यांनीच दाखवली. गोड सांबाराला मी कंटाळले आहे हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. बहुतेक कंटाळली आहेस, असं म्हणाले.

इंदूअक्का बेळगावकडची. नवरा गेल्यावर तिने बनशंकरीतल्या एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर भाकरी-आमटीची खानावळ काढली. पुण्या-नागपूरकडची आयटीतली पोरं तिथे जेवायची. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात कपडे धुवायचा दगड. तिचं पोट त्या चुलीवर होतं, दुसरा आधार नव्हता, आणि हे ती कुणाला जाणवू देत नसे. प्रत्येक ताटाशी उभी राहून ती विचारायची, की आमटी कशी झालीय? आम्ही सगळे छान म्हणायचो. वेंकोबाराव म्हणायचे, मिठाचा अंदाज जरा वरच्या बाजूला. ती त्यांना अण्णा म्हणायची आणि या उत्तरासाठीच त्यांना आधी वाढायची.

त्या वर्षी पावसाच्या तोंडावर खानावळीच्या फरशीखालून आवाज येऊ लागला. नळाला पाणी आलं, की आत ढप्प असं काहीतरी पडायचं आणि फळीवरची भांडी किणकिणायची. मग स्वयंपाकघराचा एक कोपरा खचला. बाहेर गल्लीत कुंपणाच्या भिंतीला चीर गेली. कारण सगळ्यांना दिसत होतं. तिथून कुठूनतरी पाण्याची जुनी मोठी लाइन जाते. इमारती तिच्यावर नंतर उभ्या राहिल्या. लाइन फुटली होती, पाणी माती धुऊन नेत होतं आणि पोकळीत ढेकळं कोसळत होती. फक्त ती लाइन नक्की कुठून जाते याचा नकाशा कुणाकडे नव्हता. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरने सांगितलं, की अख्खी गल्ली मी खणू शकत नाही. केबल आहेत, गॅस आहे, इमारतींचे पाये आहेत. मला एक जागा सांगा, तिथे फोडतो. उशीर झाला तर इमारतीची हमी नाही. आणि जागा स्वयंपाकघरात निघाली, तर खानावळ कित्येक महिने बंद. तेवढ्या दिवसांत पोरं दुसरीकडे जेवायला लागणार आणि परत येणार नाहीत, हे इंदूअक्का बोलली नाही, पण तिला ते कळत होतं.

काम वेंकोबारावांनी मागून घेतलं. गल्लीत, शेजाऱ्यांच्या परसात, इमारतीमागच्या मोकळ्या जागेत आम्ही यंत्रं रोवली. एक इंदूअक्काच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी. आठवडाभर ठेवली. त्याच आठवड्यात पावसाने झोडपून काढलं. परत घ्यायला गेलो तेव्हा बाकीच्यांवर चिखल, आणि इंदूअक्काकडचं यंत्र पुसून लख्ख. वेंकोबारावांनी तिचं तोंडभर कौतुक केलं, आणि ते कुणाचं असं कौतुक करताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मी गणित चालवलं. लाल डाग स्वयंपाकघरात पडला, दळणाच्या यंत्राखाली. वेंकोबारावांचा लंबगोल अर्थातच मोठा होता: स्वयंपाकघर, अंगण आणि गल्लीचा तुकडा. आता मी एकेक यंत्र तपासतो, ते म्हणाले. त्याची बॅटरी, त्याचं घड्याळ, ते बसवलेली जागा. हे त्यांचं नेहमीचं काम, आणि त्याला नेहमीचा आठवडा. पण भिंतीच्या चिरेत आता बोट जात होतं. वरच्या मजल्यावरची माणसं नातेवाइकांकडे गेली होती. इंजिनिअर आमच्या ऑफिसात खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, लंबगोल खणता येत नाही सर, मला जागा द्या. प्रवीण त्यांच्याकडे पाहत होता. मीही. इमारत पडली तर काय, हे त्यांच्याही डोळ्यांपुढे असणार, कारण पेन्सिल त्यांच्या बोटांत बराच वेळ फिरत राहिली. मग त्यांनी नकाशावर वाकून एक ठिपका दिला. इतक्या वर्षांतला हा पहिला ठिपका. मला हायसं वाटलं. ते मात्र उठून हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर फोडायचं यंत्र घेऊन हजर. खानावळ रिकामी होत होती. जेवायला येणारी पोरं सिलिंडर, पाट्या, पिठाचे डबे बाहेर आणून गल्लीत मांडत होती. इंदूअक्का रडत नव्हती. ती सगळ्यांना सांगत होती, की हे असं नको, तसं धर, पोचा येईल. आमटीचं सर्वांत मोठं पातेलं एकट्याने उचलायचं म्हणजे पोचा येणारच. त्याचा एक कान तिने धरला, दुसरा वेंकोबारावांनी.

‘जपून हो अण्णा,’ ती म्हणाली. ‘हेच तुमच्या यंत्रावर पालथं घातलं होतं मी. काय पाऊस लागला त्या आठवड्यात. एक थेंब लागू दिला नाही बघा.’

वेंकोबाराव पातेल्याचा कान धरून जागच्या जागी थांबले.

मला कळायला जरा वेळ लागला. आमच्या प्रत्येक यंत्रात घड्याळ असतं आणि ते वरच्या उपग्रहांकडून वेळ जुळवून घेत राहतं. त्यासाठी त्याला उघडं आकाश लागतं. वर पितळी-स्टीलचं काही पालथं घातलं, की संबंध तुटतो आणि घड्याळ आपल्या चालीने चालू लागतं. अंगणातलं घड्याळ असंच मागे पडत गेलं होतं. त्यामुळे प्रत्येक ढप्प इंदूअक्काच्या अंगणात सर्वांत आधी पोचल्यासारखा दिसला आणि गणिताने मूळ तिच्याकडे ओढून नेलं. बाईने मायेने एक भांडं झाकलं आणि आपलीच चूल खणायला काढली. आम्ही परत जाईपर्यंत तिने ते काढून, यंत्र पुसूनही ठेवलं होतं. कुणाला दिसणार कसं?

वेंकोबारावांनी पातेलं सावकाश खाली ठेवलं. आत गेले. मजुराने फरशीवरच्या खडूच्या फुलीवर यंत्राचं टोक टेकवलं होतं. हे जाऊन त्या फुलीवर मांडी घालून बसले. इंजिनिअर धावत आला.

‘जागा ही नव्हे,’ वेंकोबाराव म्हणाले. ‘माझं चुकलं.’

मग कुठली, इंजिनिअरने विचारलं. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘गोत्तिल्ला.’

मी कपाळाला हात लावला. इंजिनिअरचा पारा चढला तो उतरेना. माणसं आणली, गल्ली बंद केली, वरून परवानग्या काढल्या, आणि हे म्हातारे फरशीवर बसून ठाऊक नाही म्हणतात. तुमच्या कंपनीला मी बघून घेतो. आणखीही बरंच. वेंकोबाराव प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. एक शब्द पुरला असता. पातेलं म्हटलं असतं, तर तिथल्या पोरांनाही सगळं उलगडलं असतं, चूक कुणाच्याच माथी आली नसती. मी तोंड उघडलं. त्यांनी फरशीवरूनच माझ्याकडे पाहिलं.

‘मृणाल,’ ते म्हणाले, ‘हलू नकोस.’

दुपारभर आम्ही ऑफिसात बसून ते यंत्र वगळून गणित पुन्हा केलं. मग त्याच्या घड्याळाची चाल दुरुस्त करून पुन्हा केलं. दोन्ही वेळा लंबगोल स्वयंपाकघरातून निघून गल्लीपलीकडे गेला, समोरच्या कुंपणाला चिकटून. इंजिनिअरने पुन्हा ठिपका मागितला. माझा एक देऊन झाला, वेंकोबाराव म्हणाले. आता फोडायचं यंत्र आणू नका, या टोकापासून फावड्याने खणत चला. दुसरा इलाज नव्हता म्हणून त्यांनी खणलं. मधोमध काहीच निघालं नाही. लंबगोलाच्या अगदी कडेला, डांबराखाली, एक स्कूटर सहज आत जाईल एवढी पोकळी निघाली आणि तिच्या तळाशी लाइनीचा सुटलेला सांधा. इंदूअक्काने दोन दिवसांनी चूल पेटवली.

इंजिनिअर विसरला नाही. त्याच्या ऑफिसकडून निरोप आला, की यापुढे त्या गृहस्थांना पाठवू नका. अहवालात वेंकोबारावांनी स्वतःच लिहिलं होतं, की एका यंत्राचं घड्याळ चुकत होतं आणि ते माझ्याकडून तपासलं गेलं नाही. घड्याळ का चुकलं, यावर एक अक्षर नाही. आमची अर्धी कामं त्याच ऑफिसातून येत. प्रवीणने त्यांना आधी घरून काम करायला सांगितलं, आणि मग घरूनही काही उरलं नाही. सांगताना त्याचे डोळे लाल झाले होते. वेंकोबारावच त्याची समजूत घालत होते.

मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते. आयुष्यभर ज्या माणसाने ठिपका दिला नाही, त्याला लोक चुकीच्या ठिपक्यासाठी लक्षात ठेवणार, हे मी ऐकून घेणार नाही. हा हट्टीपणा आहे आणि मला त्याचा वीट आला आहे, हेही म्हटलं.

ते दोन पायऱ्या खाली होते, त्यामुळे पहिल्यांदाच आमचे डोळे एका रेषेत आले.

‘झाकणं हा तिचा स्वभाव की,’ ते म्हणाले. ‘तपासणं माझं काम. तिला सांगितलं, तर उद्यापासून ती कुणाची वस्तू पावसातून उचलायलाही भिईल.’ आणि पिशवी खांद्यावर नीट करत म्हणाले, ‘यात मला शंका नाही.’

त्यांच्या तोंडून ‘शंका नाही’ हे शब्द मी तेवढे एकदाच ऐकले. मला रागाने रडू आलं. ते जिना उतरून गेले.

त्यानंतर पुढच्या पावसाळ्याच्या सुमाराला त्यांनी म्हैसूरला मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. जाण्याआधी एकदा जेवायला या, असा इंदूअक्काचा निरोप होता. मीही गेले. खानावळ भरलेली होती, अर्धी पोरं नवी. इंदूअक्का खुशीत होती. तिने वेंकोबारावांना मधोमध बसवलं, पहिली भाकरी त्यांच्या ताटात टाकली आणि नव्या पोरांना सांगू लागली, की हे ते अण्णा बरं का, ज्यांनी माझं स्वयंपाकघर खणायला काढलं होतं. माणूस सोन्यासारखा, पण हिशेबात कच्चा. मशीन लागणार एवढ्यात यांच्या लक्षात आलं आणि स्वतःच फुलीवर जाऊन बसले, नाहीतर आज तुम्ही इथे जेवत नसता. पोरं हसली. एकाने इंग्रजीत काहीतरी चेष्टा केली. वेंकोबारावही हसले, आणि विचारायच्या आधीच म्हणाले, की आमटीचं मीठ आज बरोबर आहे.

समोरच्या पोराची कॉलर धरून त्याला सगळं सांगावं असं वाटत होतं. या माणसाचा मला इतका राग आला होता, आणि तो जाणार म्हणून इतकं वाईट वाटत होतं, की दोन्ही वेगळं करता येईना. वेंकोबाराव माझ्याकडे बघत नव्हते. ते भाकरी चुरत होते.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवी खांद्याला लावली, सगळ्यांना नमस्कार केला आणि गल्लीत उतरले. इंदूअक्का हातात उलथनं घेऊन दारापर्यंत आली.

‘म्हैसूरला गेलात तरी पुढच्या वेळी नीट मोजा हो, अण्णा,’ ती मोठ्याने म्हणाली, आणि आतली पोरं पुन्हा हसली.

वेंकोबाराव वळले. त्यांनी तिच्याकडे पाहून हात जोडले.

‘सरी अक्का, बरं,’ ते म्हणाले. ‘मोजतो.’

मग ते समोरच्या कुंपणाच्या बाजूने, नव्याने डांबर घातलेल्या जागेवरून चालत बसस्टॉपकडे गेले.